पत्रांतून बांधलेलं देऊळ

चर्चचा पाया भरायच्या आधीच मी त्याचा मनोरा पुरा केला आणि तसं बायकोला पत्रानं कळवून टाकलं.

चूक एवढीच. बाकीचं सगळं त्या चुकीच्या पाठोपाठ आलं, टेम्पोत बसून.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. साहेबांनी सिगारेटच्या पाकिटावर खरडलेलं यंत्र ट्रेसिंग पेपरवर सरळ रेघांत उतरवायचं, हे माझं काम. वाशीच्या नव्या वसाहतीत फ्लॅट मिळाला होता. मी वसईकडचा, कॅथलिक. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. आमच्या गावात कुठंही उभं राहा, दोन देवळांच्या घंटा कानावर येतातच, वारा बरा असला तर तिसऱ्याचीही. वाशीला कानावर यायचा तो फक्त वारा. त्याला अडवायला एक झाडसुद्धा नव्हतं.

लग्नानंतर बायको तिथं चार महिने राहिली. सोळा फ्लॅटांची बिल्डिंग आणि त्यात राहती बिऱ्हाडं पाच, तीही वेगवेगळ्या जिन्यांवर. सकाळी सातला मी बाहेर पडायचो, सहाला परत यायचो. मधले अकरा तास ती खिडकीतून चिखल बघायची. पाचव्या महिन्यात आईकडे म्हणून गेली ती परत यायचं नाव काढेना. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवायला काहीतरी हाताशी असतं. जाताना एवढंच म्हणाली होती, "इथं देऊळ नाय, घंटा नाय. दिवस कुठं सुरू झाला न् कुठं संपला, कळतच नाय."

दुसरा एखादा नवरा यावर काय बोलला असता कोण जाणे. मला मात्र कुणी अडचण सांगितली की तिचं ड्रॉइंगच दिसायला लागतं. मी समजून चाललो की हिला देऊळ हवंय. ते उभं राहिलं की ही येणार.

तर देवळाची खरी परिस्थिती सांगतो. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, एका प्राथमिक शाळेत व्हायची. वेदी म्हणजे हेडमास्तरांचं टेबल, वर इस्त्रीची पांढरी चादर. फळा पुसायचा राहिला असला की क्रूसाच्या मागं शनिवारचा भागाकार दिसायचा. बाकं तिसरीतल्या पोरांच्या मापाची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून देवाचं वचन ऐकत. फादर खाडीपलीकडून स्कूटरवर येत आणि मिस्सानंतर झगा पिशवीत घालून पुढच्या मिस्साला जात.

माणसं सगळी कारखान्यांतली. मंगळूरची, गोव्याची, केरळची, तमिळ. मिस्सा इंग्रजीत, गाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या भाषेत. मराठी कॅथलिक मी एकटा. माझी पाळी कधी आलीच नाही, आणि माझा आवाज माहीत असल्यामुळे मी मागितलीही नाही. मिस्सा झाली की मैदानात भाषेभाषेचे घोळके उभे राहात, आणि मी सायकलच्या चाकातली हवा तपासत बसे. त्या शहरात चाकातली हवा इतक्या वेळा तपासलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. हवा नेहमी बरोबरच असायची.

एका रविवारी फादरांनीच मला गाठलं. ते मंगळूरचे. "तुम ड्रॉइंग करता है ना? प्लॉट मिला है." मी इतक्या जोरात हो म्हणालो की ते मागं सरले.

प्लॉट मिळाला होता हे खरं. तो खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलात होता हेही खरं. राखणीला शिरवण्याचा एक आगरी म्हातारा ठेवलेला होता, जवळच मीठ पिकवण्यात त्याचा जन्म गेलेला. मी सळई खुपसून बघत होतो आणि सळई खाली जात जात मुठीपर्यंत गेली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "ह्यो चिखल जावयासारखा हाय. कितीबी भरवा, त्याचं पोट भरत नाय."

मुंबईच्या एका आर्किटेक्टनं चर्चचं चित्र काढून दिलं होतं. त्याच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं मी फुकट करून द्यायची असं ठरलं. चर्च हातपंख्याच्या आकाराचं, उघड्या काँक्रीटचं. वेदी जवळजवळ मधोमध, माणसं तिच्या तिन्ही बाजूंना. उंच प्रवचनपीठ नाही, नक्षी नाही, मनोरा नाही. फादर समजावत, की आता जमाना बदलला, पाद्री लोकांकडे पाठ करून उभा राहात नाही, सगळ्यांना सगळं दिसायला हवं. मला ते बस डेपोसारखं दिसत होतं, पण मी तसं बोललो नाही.

पुढं ऐंशीच्या दशकात ते तसंच उभं राहिलं. भिंतीत उभ्या, अरुंद फटी ठेवून त्यांत रंगीत काचा बसवल्या आहेत. सकाळच्या मिस्साला निळा-तांबडा उजेड बाकांवरून सरकत सरकत वेदीपर्यंत जातो. वेदीमागचा ख्रिस्त केरळच्या एका सुताराने फणसाच्या एकाच ओंडक्यातून काढला. त्याच्या बरगड्यांवर पटाशीच्या खुणा तशाच ठेवल्यात, पॉलिश मारलेलं नाही. आता मला ते चर्च आवडतं. तेव्हा मात्र बायकोला लिहायला एकही ओळ त्यात सापडेना. बस डेपोसाठी कोण आईचं घर सोडून येईल?

पहिलं पत्र मी अगदी खरं लिहिलं होतं. प्लॉट मिळाला, ड्रॉइंग माझ्याकडे आलं. उलट टपाली उत्तर आलं, नेहमीपेक्षा चार ओळी जास्त: बरं झालं. बाबांना वाचून दाखवलं. बाबा विचारतात, पाया किती खोल?

सासरे गवंडी. आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या देवळांचा गिलावा त्यांच्या हातचा. त्यांना काय लिहू, की सळई मुठीपर्यंत गेली? मी खोली लिहिली. पुढचं पत्र आलं: बाबा विचारतात, जोतं किती उंच? मी जोतं बांधलं. मग खांब विचारले, मग कमानी. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा लांब येत होतं, आणि मला वाटत होतं की काम पुढं सरकतंय.

इकडे प्लॉटवर पाइल, म्हणजे चिखलात खोल रोवायचे पायाचे खांब, ठोकायची उंच लोखंडी तिपाई येऊन उभी राहिली, दोन पाइल ठोकले, तिसरा तिरका गेला आणि काम थांबलं. तिपाई गवतात तशीच उभी.

पत्रातलं देऊळ मी माझ्या मनानं बांधलं असं म्हणायचीही सोय नाही, एवढं डोकं मला नाही. मी ते उचललं. दर्शनी भाग बायकोच्या गावच्या देवळाचा, जिथं आमचं लग्न लागलं. उतरतं कौलारू छत माझ्या गावचं. वेदी तिसऱ्याच ठिकाणची, सागवानी, सोन्याचा मुलामा दिलेली, खांबांवर द्राक्षांचे वेल चढलेले आणि मधून मधून गुबगुबीत गालांचे देवदूत डोकावणारे. छताला निळा रंग आणि त्यावर चांदण्या. प्रवचनपीठ कोरीव, त्याला लाकडी पायऱ्या. आणि उजव्या अंगाला मनोरा, तीन मजली, वर क्रूस.

कुठल्या पत्रात किती खांब लिहिले याचा घोटाळा व्हायला लागला, तेव्हा कारखान्यातले रद्द झालेले प्रिंट घरी आणून त्यांच्या पाठीवर मी त्या देवळाची ड्रॉइंगं काढली. नकाशा, छेद, दर्शनी बाजू, सगळं मापात. कोपऱ्यात चौकट आखून दुरुस्ती अ, दुरुस्ती ब अशा नोंदीसुद्धा. खोटेपणात मी इतका टापटीप होतो. कारखान्यात तेवढा असतो तर बढती मिळाली असती.

खरं सांगायचं तर पुढं पुढं ते पत्रासाठी राहिलं नाही. सहाला घरी यायचो, स्टोव्हवर भात चढवायचो आणि जेवायच्या टेबलावर कागद पसरायचो. घरात दुसरं कुणी नव्हतं, पण देवळात माणसं असायची. मी बाकं आखली. बायकांच्या बाजूला खिडकीशेजारी तिसरं बाक तिचं, आणि मधली वाट सोडून त्याच्या समोरचं माझं. तिथं दोन बारीक टिंबं दिली. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी सातला ऊन कुठवर येईल ते कोन लावून काढलं. तिच्या बाकापर्यंत येत होतं. माझ्या बाकावर खांबाची सावली पडत होती. ती काही मी हलवली नाही.

यात एक गोष्ट मात्र झाली. आधी मी दोन महिन्यांनी का होईना, वसईला जायचो. समोरासमोर खोटं बोलायला मला जमत नाही, कान लाल होतात. म्हणून जाणं टाळायला लागलो. कारण काय लिहायचं? देवळाचं काम आहे. जिला आणण्यासाठी देऊळ बांधत होतो, तिला बघायलाच देवळामुळे जाता येईना. याचं हसू मला बऱ्याच वर्षांनी आलं. तेव्हा आलं नव्हतं.

ईस्टरच्या आधी मी कन्फेशनला, पापं कबूल करायला गेलो. आमचं कन्फेशन इयत्ता तिसरी ब मध्ये चालायचं. फादर मास्तरांच्या खुर्चीत, आपण बाजूला गुडघ्यांवर, समोर भिंतीवर फळांचा तक्ता. मी सीताफळाकडे बघत सगळं सांगितलं. पाया, खांब, देवदूत, चांदण्या. फादरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आल्टर को सोना भी लगाया?"

"हो फादर. लगाया."

त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. ते हसत होते की प्रार्थना करत होते ते कळलं नाही. प्रायश्चित्त म्हणून दहा जपांच्या वर एक सांगितलं: आज घरी जाऊन बायकोला खरं लिही.

मी घरी गेलो. जप केले. कागद घेतला. पण उभं देऊळ एकदम कसं पाडणार? मी विचार केला, उतरवावं हळूहळू. पत्रागणिक एकेक वस्तू कमी करत जाऊ. या महिन्यात घंटा, पुढच्या महिन्यात मनोऱ्याचा वरचा मजला, मग सोनं, मग कौलं. दिवाळीपर्यंत मोकळा प्लॉट. त्याप्रमाणे चौदाव्या पत्रात लिहिलं: मनोरा झाला आहे, मात्र घंटा अजून नाही. आणि प्रायश्चित्ताचा पहिला हप्ता फेडल्याच्या समाधानात झोपलो.

त्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही. मला वाटलं, खऱ्याचा परिणाम झाला.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी मिस्सा संपत आली असताना शाळेच्या फाटकात टेम्पो येऊन थांबला. पुढं ड्रायव्हरशेजारी बायको, केसांत वाडीतला मोगरा, नेसलेली सणाची साडी. तिच्या पलीकडे सासरे. मागं गोणपाटात गुंडाळून, दोरांनी आवळून ठेवलेलं काहीतरी गोल, आणि त्याला टेकून एक हिरवी पत्र्याची ट्रंक. मला ट्रंक आधी दिसली. त्या आनंदात गोणपाटाकडे बघायचं राहूनच गेलं.

सासऱ्यांनी उतरून गोणपाट सोडलं. घंटा होती. हिरवट पडलेली, काठाशी एक टवका उडालेला, पण चांगली दोन माणसांनी उचलायची. त्यांच्या शेतवाटेवरच्या एका छोट्या, बंद पडलेल्या प्रार्थनास्थळातली. माझं पत्र गावात वाचलं गेलं होतं. नव्या शहरात आपल्यासारखंच देऊळ बांधतायत, मनोऱ्यासकट, आणि घंटेवाचून अडलंय, हे ऐकून गावानं एकमतानं ती दिली होती.

मैदानातले सगळे घोळके आमच्याभोवती गोळा झाले. सासरे फादरांना म्हणाले, "किल्ला पडला तेवा वसईच्या देवळांतल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्या परत आल्या नायत. ही आमी आपल्या हातानं देतो."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि कन्फेशनमध्ये कळलेलं असल्यामुळे त्यातलं एक अक्षर त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बहुत अच्छा बेल है," ते म्हणाले, आणि पुन्हा चष्मा काढून पुसायला लागले.

"चला जावई," सासरे म्हणाले, "मनोरा दावा."

टेम्पो हळूहळू निघाला. मागून लोक निघाले. घंटा येते म्हणजे गाणं हवं, म्हणून कुणीतरी कोकणीत सुरुवात केली आणि आश्चर्य म्हणजे मल्याळीही त्यात मिसळले. सगळा पॅरिश पहिल्यांदाच एका रांगेत चालत होता आणि रांगेच्या पुढं मी होतो. आतापर्यंत कुणी माझं नाव विचारलं नव्हतं. आता चार जणांनी विचारलं. मी सांगितलं, आणि पुढच्या वळणाला पळून जाता येईल का ते बघत राहिलो.

वळण संपलं. प्लॉट आला. गुडघाभर गवत, साचलेलं पाणी, तिपाई, आणि एका पाइलच्या डोक्यावर विडी ओढत बसलेला म्हातारा.

गाणं थांबलं. सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुठं हाय?"

"इथंच," मी म्हणालो.

"काय इथंच?"

"होणार आहे."

"न् मनोरा?"

मी तिपाईकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे. म्हातारा उठून टेम्पोत डोकावला. "घंटा आनली? बरं केलं. टांगा या तिपायीला. तीन महिने उगीच उभी हाय, तिलाबी काम."

दोघातिघांना हसू आवरेना. फादर खोकले. सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बाह्या सारल्या, तिपाईच्या कप्पीचा दोर ओढून बघितला, गाठ स्वतः मारली आणि घंटा वर घेतली. फादरांनी पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली. सासऱ्यांनी एकदा वाजवली. आवाज चांगला, भरदार होता. त्या उघड्या रानात तो कशालाही न अडखळता लांब गेला, आणि परत मात्र आला नाही. पुढं दोन वर्षं, पाइलचं काम पुन्हा सुरू होईपर्यंत, ती तिथंच टांगलेली होती आणि रविवारी म्हातारा ती वाजवत असे.

लोक पांगले. आम्ही तिघं फ्लॅटवर गेलो. ट्रंक टेम्पोतच राहिली. ड्रायव्हरनं "उतरवू का?" म्हणून विचारलं, तर बायको म्हणाली, "थांबा जरा."

टेबलावर देऊळ पसरलेलं होतं. मला ते उचलायचं भान राहिलं नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि एकेक कागद उजेडाकडे धरून बघितला. "हे आमच्या देवळाचं तोंड. ही कौलं तुमच्या गावची. वेदी..." त्यांनी गावाचं नाव बरोबर घेतलं. मग मनोरा आतून दाखवणाऱ्या छेदावर बोट थांबलं. बराच वेळ ते तिथंच फिरत राहिलं. "जिना कुठं हाय?"

मी बघितलं. जिना नव्हता. चौदा पत्रं, दोन दुरुस्त्या, आणि मनोऱ्यात वर जायला वाट नव्हती.

"खोटाच बांदायचा होता," ते म्हणाले, "तर नीट बांदायचा." आणि जिना उतरून टेम्पोकडे गेले.

बायको नकाशाच्या कागदाशी उभी होती. तिनं त्या दोन टिंबांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"ती तू. हा मी. तुझ्या बाकावर सातला ऊन येतं."

तिनं स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. एक पातेलं, एक ताट, पालथा घातलेला एक पेला. दुसऱ्या खोलीत डोकावली. तिच्या बाजूच्या खाटेवर मी प्रिंटांच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. तिनं त्यांतली एक उचलली, परत ठेवली. मला बोलायचं होतं. इथं फार वाईट जातं, एवढंच. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पाइलचं काम पावसाळ्यानंतर सुरू होईल, आर्किटेक्ट म्हणतो..."

ती खाली गेली. मी मागोमाग. ड्रायव्हरनं ट्रंकेचा दोर सोडून ठेवला होता. तिनं त्याला तो परत बांधायला सांगितलं. सासरे आधीच पुढं बसले होते आणि समोरच्या काचेतून लांब कुठंतरी बघत होते. ती चढली, दार ओढून घेतलं, आणि मग खिडकीतून तोंड बाहेर काढलं. मला वाटलं, निदान रागावेल.

"चौदा पत्रं लिवली तुमी," ती म्हणाली. "नळाला पाणी किती वाजता येतं, ते एकातपण नाय. जेवलात का नाय, तेपण नाय. तुमाला बायको कशाला पायजे? गवंडी पायजे."